खालच्या ओळी

सोमवार, ४ नोव्हेंबर

सुट्टी संपली. शाळेत पोचलो तर धुकं माझ्याआधी येऊन मैदानात बसलेलं. आंघोळीनंतरच्या आरशासारखी सगळी इमारत पुसट. यंदा असंच चाललं आहे, सगळं जरा लांबून आल्यासारखं वाटतं. वाईट वाटतं असं नाही, उलट बरंच वाटतं. वयाबरोबर माणूस शांत होतो म्हणतात, तसं असेल.

आज पेटी आली. पांढरी, जेवणाच्या डब्याएवढी, पुढे एक हिरवा दिवा. ती घेऊन आलेली मुलगी एवढीशी आणि तिच्या पाठीवरची पिशवी तिच्याहून मोठी. आम्ही तिचं नाव तिथल्या तिथे 'पेटीताई' ठेवून टाकलं. या पेटीत जगभरच्या शिक्षकांनी केलेले हजारो पाठ आहेत म्हणे. इंटरनेट लागत नाही. पेटीच्या आसपास जो टॅब्लेट असेल त्यावर पाठ उघडतात. शिवाय हे पाठ मोकळे. मोकळे म्हणजे घ्या, वापरा, बदला, आणि बदललेला पाठ परत सगळ्यांना द्या. मूळ करणाऱ्याचं नाव तेवढं राहू द्या.

"आमच्या वेळी याला कॉपी म्हणायचे," मी म्हणालो. सगळे हसले. पेटीताईनं काहीतरी उत्तर दिलं, पण हल्लीची तरुण मंडळी ओठांतल्या ओठांत बोलतात.

मग मोठ्या बाई उभ्या राहिल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीनं आमच्यात सगळ्यात लहान. पेटी कशी वापरतो ते बघायला फेब्रुवारीत पाहणीची माणसं येणार आहेत. त्यानंतर एका शिक्षकाला वर्गातून काढून कायमचं पेटीच्या खोलीत बसवायचं आहे. त्यानं पाठ निवडायचे, लावायचे, सांभाळायचे. हे सांगताना त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. बाकीच्यांनीही माझ्याकडे पाहिलं. पंचवीसहून जास्त वर्षं भूगोल शिकवला म्हणजे मी अडगळीत टाकायच्या लायकीचा झालो की काय?

वर्ग सोडणार नाही. हे इथे लिहून ठेवतो.

सोमवार, ११ नोव्हेंबर

माझा वर्ग पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे कबूल केलं पाहिजे. ही सातवी मी दोन वर्षं शिकवतोय. मागच्या वर्षी कान किटवायची. यंदा गप्प. मागच्या बाकांवर ओठ हलतात, पण आवाज म्हणून नाही. दमले आहेत की मला कंटाळले आहेत, कळत नाही.

आणि ते 'येतो म्हणा' बंद झालं आहे. आमच्या वर्गाची ही जुनी खोड. तास संपला की मी मुद्दाम म्हणायचो, "चला, जातो मी." दाराकडे वळलो की मागून अख्खा वर्ग ओरडायचा, "येतो म्हणा, सर!" मग मी दारात वळून म्हणायचो, "येतो, येतो." किती वर्गांनी हे पुढच्या वर्गाला शिकवलं कोण जाणे. यंदा मी "जातो" म्हणतो, दारापर्यंत जातो, आणि मागे काही नाही. आज मुद्दाम हळू चाललो. काही नाही. निघून आलो.

एवढ्या तेवढ्याचं मनाला लावून घेणाऱ्यातला मी नाही. पण लागलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी उठलो तर घर चिडीचूप. हिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आमच्या पुढच्याच खोलीत आहे, सासऱ्यांकडून आलेलं. भिंतभर घड्याळं. लग्न होऊन आलो — म्हणजे मीच आलो या घरात, घरजावई म्हणून मित्र अजून चिडवतात — तेव्हा त्या टिकटिकीनं पहिले कित्येक दिवस डोळा लागला नव्हता.

"घड्याळांना चावी द्यायची सोडलीस का?" मी विचारलं.

ती हातातलं भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, माझ्यासमोर आली आणि अगदी सावकाश म्हणाली, "अहो, सगळी चालू आहेत."

"मग आवाज कुठाय?"

"कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून किती वेळा सांगितलं?"

हिच्या मते माझे कान गेलेत. मी म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या नवऱ्याचे कान शिल्लक असतात? एरवी अशा वाक्यावर ती चिमटा काढते. आज नुसतीच परत स्टुलावर जाऊन बसली. काटे बघितले तर खरंच फिरत होते. नवीन तेल घातलं असेल, आवाज न करणारं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

पेटीतला पहिला पाठ वर्गात लावला. कुठल्या तरी दूरच्या शाळेतल्या एका बाईंचा. गुडघ्यांवर बसून त्या पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळू पसरतात, ट्रेचं एक टोक विटेवर ठेवतात आणि तांब्यानं हळूहळू पाणी सोडतात. बघता बघता वाळूत नदी होते. वळणं घेते, काठ कुरतडते, शेवटी फाटे फुटून पसरते. मी इतकी वर्षं खडूनं नद्या काढल्या, पण एकही वाहिली नाही. 

बाई परक्या भाषेत बोलत होत्या. वर्ग माझ्याकडे बघू लागला. तेव्हा पेटीताईनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं (ही मुलगी सगळं लिहून दाखवते, चांगली सवय आहे): या पाठाला आपल्या भाषेतल्या ओळी खाली जोडता येतात, आणि तो पाठ परत पेटीत टाकता येतो.

"म्हणजे कॉपीच की," मी म्हणालो. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला मी प्रश्नचिन्ह म्हणतो. पहिल्या बाकावर बसते आणि मान कायम तिरकी. ती उभी राहून थेट माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "सर, मूळ बाईंचं नाव राहू देऊन घेतलं तर ती कॉपी कशी? उसनी साखर परत करताना वाटी थोडी भरून देतात, तसंच ना?"

या पोरीचं बोलणं मात्र स्वच्छ असतं. वाटी मला पटली. खालच्या ओळी करायला परवानगी दिली.

सोमवार, २ डिसेंबर

काल दुपारी जेवून आडवा झालो आणि स्वप्न पडलं. आमची शाळा पाण्याखाली गेलेली. कोणी घाबरलेलं नाही. जिन्यावरून मासे चढतायत, हजेरी द्यायला आल्यासारखे. मी फळ्यावर नदी काढतोय आणि ती खडूची रेघ सुटून पाण्यात तरंगत चालली. मुलं बाकांवर बसलेली, केस वर उभे, तोंडातून बुडबुडे येतायत. प्रत्येक बुडबुड्यात काहीतरी आहे, पण तो वर छताला जाऊन फुटतो. मी खाली उभा. फार शांत, फार सुंदर. जाग आली तेव्हा उठवेना.

ही उशाशी बसली होती. माझा हात हातात धरून. म्हटलं, काय झालं? ती मानेनंच 'काही नाही' म्हणाली.

आज शाळेत मोठ्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "तुमचा वर्ग फार शांत असतो हल्ली." मी म्हटलं, धन्यवाद. त्यावर त्या टेबलावरचा कागददाब इकडून तिकडे सरकवत राहिल्या. मग म्हणाल्या, पेटीची खोली छान आहे, खिडकी पूर्वेला आहे, विचार करून बघा. मी म्हटलं, पूर्वेकडची खिडकी म्हातारपणी बघू.

शुक्रवार, १३ डिसेंबर

नदीच्या पाठाला ओळी लागल्या! पोरांनी पेटीताईच्या मदतीनं शब्द न् शब्द लावला. ट्रेमधली नदी वाहते आणि खाली आपल्या भाषेत लिहून येतं: 'घाई करू नका. पाण्याला वाट शोधू द्या.' वाचून अंगावर काटा आला. ती बाई माझ्याशीच बोलते आहे असं वाटलं. पाठ दोनदा लावला.

घरी आल्यावर टीव्हीवरही तशा खालच्या ओळी सुरू करता येतात असं कळलं. ही म्हणाली, नाहीतरी तुम्ही आवाज वाढवता तेव्हा शेजारी भिंत ठोकतात. मला कधी ठोकल्याचं आठवत नाही. पण ओळी लावून बातम्या बघितल्या आणि कित्येक दिवसांनी बातम्या देणारा माणूस शहाणा वाटला.

सोमवार, ६ जानेवारी

शिपाई हल्ली माझ्याशी फार अदबीनं वागतो. तास संपला की घंटा देऊन तो सरळ माझ्या दारात येऊन उभा राहतो आणि हात हलवतो. दुसऱ्या कुणाच्या दारात जात नाही. दशांशला, म्हणजे आमच्या गणिताच्या मास्तरला, हे सांगितलं तर तो चहाचा कप तसाच हातात धरून बसला. जळतो, दुसरं काय. घंटा मात्र मन लावून देत जा असं मी शिपायाला सांगितलं. कापसानं बडवल्यासारखी देतो.

वर्गात नवीन टूम निघाली आहे. प्रश्नचिन्ह आणि तो लांबलचक मुलगा, पेन्सिल, यांनी पेटीताईच्या मागे लागून पेटीत काहीतरी बसवून घेतलं. मुलं आपापल्या टॅब्लेटवर प्रश्न लिहितात आणि तो प्रोजेक्टरमधून थेट फळ्याशेजारच्या भिंतीवर उमटतो. नावासकट. आज भिंत भरून गेली! 'सर, नदी उलटी का वाहत नाही?' 'सर, समुद्राला तळ लागतो का?' 'सर, पाणी म्हातारं होतं का?' मी एकेक वाचून उत्तर देत गेलो. सगळं विसरलो. मध्येच लक्षात आलं की मी टेबलावर चढून ढग कसा जड होतो ते दाखवतोय.

म्हणजे पोरांना माझा कंटाळा आला नव्हता. तोंडानं बोलायचा कंटाळा आला होता. या यंत्रांना मी उगाच नावं ठेवली. माझा वर्ग मला परत मिळाला.

'येतो म्हणा' मात्र अजून नाही. असो. सगळंच कुठे मिळतं?

बुधवार, १५ जानेवारी

पेन्सिलनं परवानगी मागितली (भिंतीवर लिहून): सरांचे तास टिपून त्यांचे मोकळे पाठ करायचे आणि पेटीत टाकायचे. मागच्या फळीवर एक टॅब्लेट उभा करून ठेवतील. मी वरवर आढेवेढे घेतले. घरी येऊन निळा सदरा इस्त्रीला टाकला. ही म्हणाली, "नवरदेव कुठे निघाले?"

त्या पाठांनाही ही मुलं खालच्या ओळी लावणार आहेत. मी म्हटलं, अरे, मी तर आपल्याच भाषेत बोलतो, ओळी कशाला? मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्नचिन्ह उभी राहिली. म्हणाली, "सर, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी."

"शाबास," मी म्हणालो. "पुण्याचं काम आहे. बिचाऱ्यांचं कोण बघतं?"

ती खाली बसली आणि तिनं मान बाकावर टेकवली. भावनाप्रधान मुलगी आहे.

गुरुवार, ३० जानेवारी

पाहणी येत्या मंगळवारी. माझा तास निवडला आहे, नदीच्या मुखाचा. काय सांगायचं ते मनात जमवून ठेवलं आहे: पेटीमुळे वर्गातला गोंगाट गेला, आणि मुलं मनापासून प्रश्न विचारू लागली. दशांशला हे ऐकवलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. एवढा जळकुटा माणूस, पण आज त्याचे डोळे ओले दिसले. सर्दी असेल.

भीती वाटते हेही लिहितो. या तासावर सगळं आहे. बिनसलं तर पूर्वेची खिडकी. हिला म्हटलं, मला त्या खोलीत बसवलं तर मी काय करीन? तिच्याकडे उत्तर होतं बहुतेक, पण ती पाठमोरी भांडी घासत होती आणि मी परत विचारलं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज काही लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

पाहणीला तिघं आली. त्यातली चष्मेवाली बाई मागच्या बाकाजवळ उभी राहिली, मोठ्या बाई दाराशी. तास रंगला. भिंतीवर प्रश्न येत होते, मी उत्तरं देत होतो. चष्मेवाल्या बाईंचाही एक प्रश्न भिंतीवर आला, पेन्सिलच्या नावाखाली, 'पाहुण्या विचारतात' असं लिहून. मला गंमत वाटली. या बाईंना तोंड नाही का?

आणि वीज गेली.

भिंत कोरी झाली. पेटीचा हिरवा दिवा विझला. मी भिंतीकडे तोंड करून पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभा होतो. वाट बघितली. मग वळलो.

चष्मेवाल्या बाईंचे ओठ हलत होते. पेन्सिल काहीतरी सांगत होता, त्याच्या गळ्याची शीर फुगलेली. मोठ्या बाई बोलत होत्या. तिसऱ्या बाकावरची दोघं एकदम बोलत होती. सगळ्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती, आणि माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. लांबून आल्यासारखी नुसती गुणगुण. पहिल्यांदा वाटलं, मी झोपलोय, हे ते पाण्याखालचं स्वप्न आहे. फळा हातानं चाचपला. फळा खरा होता. हाताला खडू लागला.

एका क्षणात सगळं ओळीनं कळलं. घड्याळं, घंटा, दारातला शिपाई. दशांशचा खांद्यावरचा हात. भिंतीवरचे प्रश्न. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.

लाज वाटली. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात प्रश्नचिन्ह उठली. माझ्या शेजारून फळ्याकडे गेली, खडू घेतला आणि अगदी खाली, तिचा हात पोचेल तिथे, लिहिलं: 'पाहुण्या विचारतात, समुद्र जवळ आल्यावर नदी हळू का होते?'

लिहून ती बाजूला झाली आणि खडू हातात धरून उभी राहिली. पुढचं लिहायला.

मी ती ओळ वाचली.  म्हणालो, कारण तिच्यापाशी ओझं असतं. वाटभर वाहून आणलेली माती. उतार संपला की ते ओझं पेलवत नाही, मग ती एकेक करून खाली ठेवत जाते, आणि ठेवता ठेवता त्याचीच जमीन होते. त्या जमिनीवर पुढे लोक शेतं करतात. काय काय बोललो आठवत नाही. मुलं आळीपाळीनं येऊन खालच्या ओळीत प्रश्न लिहीत होती, जुनी ओळ पुसून नवी. वीज कधी आली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तास संपला तेव्हा शिपाई दारात हात हलवत होता. मी "जातो" म्हणालो. या वेळी खोड म्हणून म्हणालो नाही. मागे न बघता बाहेर आलो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मोठ्या बाईंकडे मीच गेलो. म्हटलं, पेटीची खोली द्या मला. ज्या मास्तरला मुलांचं ऐकू येत नाही त्यानं वर्गात काय करायचं?

त्यांनी कागद ओढून लिहिलं: 'पाहुण्या म्हणाल्या, असा तास त्यांनी बघितला नव्हता. निर्णय तुमचा. सोमवारी सांगा.' मी म्हटलं, आत्ताच सांगितला की. त्यांनी कागदावर 'सोमवारी' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

घरी आलो. हिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, चल तुझ्या डॉक्टरकडे. ती रडली, मीही रडलो. मग म्हणाली (समोर बसून, सावकाश, जशी ती केव्हापासून बोलते आहे हे मला आज कळलं), "मी म्हणत होते, तर मला नवऱ्याचे कान आणि काय काय."

"विनोद वाईट होता का?"

"विनोद चांगला होता. नवरा वाईट होता."

डॉक्टरांनी तपासलं. उरलेलं जपता येईल, यंत्रानं थोडं परत येईल, सगळं नाही. यंत्र यायला वेळ आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पेटीच्या खोलीत पहिला दिवस, बघण्यापुरता. खिडकी पूर्वेला आहे, आणि ऊन खरंच छान येतं. उन्हात भिंतीला टेकून बसलं की डोळे मिटतात. इथे बसून आयुष्य निघून जाईल आणि कळणारही नाही. मला हवं होतं ते हेच, असं स्वतःला सांगून बघितलं.

काहीतरी काम करावं म्हणून पोरांनी टाकलेले पाठ उघडले. माझेच. निळा सदरा बरा दिसतो, माणूस म्हातारा दिसतो. खाली ओळी येत होत्या. माझं बोलणं शब्दाला शब्द. पण मध्ये मध्ये कंसात दुसरंच काही येऊ लागलं.

(खिडकीबाहेर पाखरं. खूप.)

(पेन्सिल हसतो. सगळे हसतात.)

(घंटा. सरांना कळली नाही. शिपाईकाका येतायत.)

(सर फळ्यावर लिहिताना गुणगुणतात.)

मी गुणगुणतो?

पुढे बघत गेलो. मी वर्गात असताना जे जे वाजलं ते सगळं त्यांनी गोळा करून ठेवलं होतं. बाक सरकला, कुणाला शिंक आली, वाऱ्यानं नकाशा फडफडला. पाखरं गेलीच नव्हती. नकाशा फडफडायचा थांबला नव्हता. पाठाच्या शेवटी मी "जातो मी" म्हणतो आणि पडद्यावर माझी पाठ दाराकडे निघते. खाली ओळ आली:

(सगळे: येतो म्हणा, सर!)

मी दारातून बाहेर जातो. वळत नाही.

दुसरा पाठ उघडला. शेवट बघितला. (सगळे: येतो म्हणा, सर!) तिसरा. प्रत्येक पाठाच्या शेवटी, रोज, सगळ्यांनी. आणि रोज मी तसाच निघून गेलो होतो, त्यांना उत्तर न देता.

पेटीतल्या पाठांवर लोकांना मत लिहिता येतं; पेटीताई दर आठवड्याला पेटी शहरात नेऊन आमचं तिकडे पाठवते आणि तिकडचं भरून आणते. तिथे मुलांनी पहिल्या पाठाखाली लिहिलं होतं: 'सर दारात वळायचे थांबले तेव्हा आम्हाला कळलं. सरांना कसं सांगायचं ते कळत नव्हतं.' खाली कुठल्या तरी दूरच्या शाळेचं उत्तर होतं, त्या ट्रेवाल्या बाईंच्या शाळेचं असावं, मोडक्यातोडक्या आपल्या भाषेत: 'सांगू नका घाईने. पाण्याला वाट शोधू द्या.'

ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत मी तिथेच बसून होतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुपारी हिला पाठ दाखवला. म्हटलं, ऐक, मी काय गुणगुणतो ते सांग. तिनं टॅब्लेट कानाशी धरला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळत गेला.

"काय आहे?"

तिनं मला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं. तिच्या वडिलांचं मोठं उभं घड्याळ आहे, तासाला छोटी चाल वाजवणारं. काटा तासावर येईपर्यंत आम्ही दोघं तिथे थांबलो. मग तिनं माझा तळहात घड्याळाच्या लाकडावर ठेवला, वरून आपला हात दाबून धरला.

लाकडातून एकेक सूर हाताला लागला. ओळखीची चाल. इतकी वर्षं या घरात ऐकलेली. कानातून गेली तरी तोंडात राहिलेली. मी डोळे मिटून घेतले, आणि ती माझ्या खांद्याला टेकून उभी राहिली.

"उद्या निळा सदरा इस्त्रीला टाकू?" तिनं माझ्यासमोर येऊन विचारलं.

म्हटलं, टाक.

सोमवार, १० फेब्रुवारी

मोठ्या बाईंना सांगितलं, वर्ग माझाच. त्यांनी पेटीच्या खोलीसाठी दशांशचं नाव घातलं आहे. त्याला गणितापेक्षा झोप जास्त आवडते, पूर्वेची खिडकी त्याला मानवेल.

वर्गात गेलो. आधी सांगून टाकलं: मला कमी ऐकू येतं. तुम्हाला माझ्याआधी कळलं. भिंत चालू ठेवा, खडू जवळ ठेवा, आणि बोलायचं असेल तर माझ्याकडे तोंड करून बोला. पाठीमागून चहाड्या केल्यात तर त्याही खालच्या ओळीत लिहाव्या लागतील. भिंतीवर लगेच उमटलं: 'पेन्सिलनं केल्यात.' मग हातांची, डोक्यांची, दातांची अशी खळबळ उडाली की तिचा आवाज मला दिसला.

तास केला. पाण्याचं म्हातारपण, तो राहिलेला प्रश्न घेतला. शिपाई दारात आला.

"चला," मी म्हणालो, "जातो मी."

दाराकडे निघालो. मागे तेच धुकं, तीच पाण्याखालची शांतता. दारात थांबलो आणि वळलो.

सगळे उभे होते. सगळ्यांची तोंडं एकदम उघडलेली. प्रश्नचिन्ह तर टाचा उंचावून ओरडत होती.

"येतो," मी म्हणालो. "येतो, येतो, येतो!" किती मोठ्यांदा म्हणालो कोण जाणे, व्हरांड्याच्या त्या टोकाच्या खोलीतून दशांश काय झालं म्हणून धावत आला.